रस्त्यांचा नकाशा आणि दुभंगलेला प्रदेश : महायुद्धोत्तर जर्मनीतील मार्गनकाशांचे एक वाचन

इतिहासाच्या अध्यापनात नकाशाला स्थान आहे. पण ते बहुधा पुरवणीचे. ग्रंथाच्या शेवटी तो जोडलेला असतो, प्रश्नपत्रिकेच्या अखेरीस तो भरावयाचा असतो आणि शोधनिबंधात मजकुराला आधार म्हणून तो छापला जातो. नकाशा हेच मूळ साधन मानून त्याची चिकित्सा करण्याची सवय आपल्याकडे कमी आहे. दानपत्र किंवा बखर हाती आली की ती कोणी, कोणासाठी आणि कोणत्या हेतूने लिहिली हे आपण प्रथम विचारतो. नकाशापुढे मात्र हे प्रश्न मागे पडतात, कारण तो मोजमापातून निर्माण झालेला असल्यामुळे निःपक्षपाती वाटतो. त्यातही रस्त्यांचा नकाशा तर अगदीच व्यवहारातला. पेट्रोल पंपावर मिळणारा, मोटारीत घडी करून ठेवलेला आणि नवा आला की फेकून दिला जाणारा. ग्रंथालये तो फारशी जपत नाहीत आणि संशोधक त्याकडे फारसे वळत नाहीत.

प्रस्तुत निबंधात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत, विशेषतः १९५० आणि १९६० च्या दशकांत, पश्चिम जर्मनीत प्रसिद्ध झालेल्या मार्गनकाशांचा विचार केला आहे. त्यांच्या जोडीला पूर्व जर्मनीतील नकाशेही पाहिले आहेत. जर्मनी निवडण्याचे कारण उघड आहे. एकाच प्रदेशातील एकाच रस्त्यांच्या जाळ्यावर १९४५ नंतर चार राज्यांचा ताबा आला : पश्चिम जर्मनी, पूर्व जर्मनी, पोलंड आणि सोव्हिएत संघ. रस्ते जागच्या जागी राहिले, त्यांच्यावरील सत्ता बदलली. अशा प्रदेशाचा नकाशा काढणाऱ्याला प्रत्येक रेषेपाशी निर्णय घ्यावा लागत होता.

हे निर्णय पाहिले असता एक सूत्र हाती लागते. जेथे वाहनचालक प्रत्यक्ष जाऊ शकत होता तेथे मार्गनकाशा खरा राहिला. जेथे तो जाऊ शकत नव्हता तेथे नकाशाने राज्याचा दावा छापला किंवा मौन पाळले. चुकीच्या नकाशामुळे तुटलेल्या पुलापाशी येऊन थांबलेला ग्राहक पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचा नकाशा घेतो. ही साधी व्यावहारिक भीती राजकीय नकाशाला नसते. म्हणून एकाच कागदावर वस्तुस्थिती आणि आकांक्षा शेजारी शेजारी सापडतात, आणि त्या वेगळ्या करून दाखविणे हे इतिहासाचे काम ठरते.

एक क्रमांकाचा मार्ग

जर्मनीतील लांब पल्ल्याच्या रस्त्यांना १९३० च्या दशकाच्या आरंभी क्रमांक देण्यात आले आणि १९३४ पासून हे रस्ते 'राइखश्ट्रासे' म्हणजे राष्ट्रमार्ग म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यातील पहिला क्रमांक ज्या मार्गाला मिळाला तो पश्चिमेस आखेन येथे नेदरलँड्सच्या सीमेजवळ सुरू होई. तेथून तो ड्युसेलडॉर्फ, एसेन, डॉर्टमुंड, ब्राउनश्वाइग, हेल्मश्टेट, माग्डेबुर्ग, पोट्सडाम आणि बर्लिन असा पूर्वेकडे जाई. पुढे क्यूस्ट्रिन येथे ओडर नदी ओलांडून लांड्सबर्ग, कोनिट्स, मारियनबुर्ग आणि एल्बिंग या गावांवरून तो पूर्व प्रशियाची राजधानी कोनिग्जबर्ग गाठी आणि लिथुआनियाच्या सीमेवर संपे. एकूण अंतर तेराशे किलोमीटरहून अधिक.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हा मार्ग पहिल्या क्रमांकाचा असला तरी तो क्रमांक मिळाला तेव्हा अखंड नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर पोलंडला समुद्राकडे जाण्यासाठी जो पट्टा मिळाला होता, तो याच मार्गाला कोनिट्सजवळ छेदत होता. म्हणजे जर्मन राज्याच्या सलग ताब्यातील राष्ट्रमार्ग म्हणून त्याचे आयुष्य १९३९ ते १९४५ एवढेच, आणि ते आक्रमणातून मिळालेले. युद्धानंतरच्या नकाशांत 'पूर्वीचा अखंड जर्मनी' म्हणून जे सूचित केले जाई, त्याच्या मुळाशी असलेली ही तूट त्या नकाशाच्या वाचकाला क्वचितच आठवत असेल.

१९४५ नंतर या मार्गाचे चार तुकडे झाले. पश्चिम जर्मनीत तो 'बुंडेसश्ट्रासे १' झाला. पूर्व जर्मनीत तो 'फेर्नफेर्केर्सश्ट्रासे १' म्हणजे दूरवाहतूक मार्ग म्हणून राहिला. ओडरच्या पलीकडचा भाग पोलंडकडे आणि अगदी टोकाचा भाग सोव्हिएत संघाकडे गेला. आश्चर्य असे की, दोन्ही जर्मन राज्यांनी एकमेकांचे अस्तित्व मान्य करण्यास नकार दिला, चलन वेगळे केले, शासनपद्धती वेगळ्या केल्या. परंतु रस्त्यांचे क्रमांक बदलण्याची तसदी दोघांनीही घेतली नाही. १९९० मध्ये एकीकरण झाले तेव्हा पूर्वेकडील बहुतेक मार्गफलकांवर क्रमांकाआधीचे एक अक्षर बदलणे पुरेसे ठरले. चाळीस वर्षांच्या विभाजनात जी एकता कोणत्याही करारात नव्हती ती या क्रमांकांत टिकून होती. प्रशासनाच्या आळसाचेही इतिहासावर उपकार असतात ते असे.

सीमेने रस्ता पाहिला नाही

दोस्त राष्ट्रांनी जर्मनीचे विभाग पाडण्याची योजना सप्टेंबर १९४४ मध्ये लंडन येथे केली. त्यासाठी जर्मनी म्हणजे ३१ डिसेंबर १९३७ रोजीच्या सीमांतील जर्मनी, अशी व्याख्या करण्यात आली. त्या सीमेच्या आत विभागांच्या रेषा आखताना जुन्या प्रांतांच्या आणि संस्थानांच्या सीमा जशाच्या तशा वापरल्या गेल्या. थुरिंजिया आणि हेसे, सॅक्सनी आणि बव्हेरिया यांच्या दरम्यानच्या या सीमा वारसाहक्क, विवाह आणि तह यांतून बनल्या होत्या. जिल्हाधिकाऱ्याच्या कार्यालयापलीकडे त्यांना महत्त्व नव्हते. रस्ते बांधणाऱ्यांनी त्यांची दखल घेतली नव्हती, आणि घेण्याचे कारणही नव्हते.

परिणाम चमत्कारिक झाला. आयझेनाखच्या पश्चिमेस ऑटोबान हेसे-थुरिंजियाची सीमा पुन्हा पुन्हा ओलांडतो. १९४५ पूर्वी या गोष्टीची जाणीव कोणा चालकाला झाली नसेल. पुढे तीच रेषा दोन लष्करी गटांमधील सीमा ठरली. गटिंगन आणि बेब्रा यांना जोडणारा लोहमार्ग असाच थोड्या अंतरासाठी सोव्हिएत विभागात शिरत होता. सप्टेंबर १९४५ मध्ये वानफ्रीड येथे अमेरिकन आणि सोव्हिएत सेनाधिकाऱ्यांनी करार करून काही खेड्यांची अदलाबदल केली आणि तो मार्ग संपूर्णपणे अमेरिकन विभागात घेतला. या मार्गाला लोकांनी 'व्हिस्की-व्होडका मार्ग' असे नाव दिले. नाव विनोदी आहे. पण त्या खेड्यांतील माणसांनी पुढची पंचेचाळीस वर्षे कोणत्या राज्यात काढावी हे एका लोहमार्गाच्या सोयीने ठरले, हेही विसरता येत नाही.

रस्त्यांच्या बाबतीत अशी तडजोड पुढे फारशी झाली नाही. २६ मे १९५२ रोजी पूर्व जर्मनीने सुमारे १,४०० किलोमीटर लांबीची ही सीमा बंद केली आणि तिच्या कडेला पाच किलोमीटर रुंदीचा निर्बंधित पट्टा घोषित केला. ३२ लोहमार्ग, ३ ऑटोबान आणि ३१ प्रमुख रस्ते या सीमेने तोडले असा हिशेब दिला जातो. गावरस्ते आणि पाऊलवाटा हजारोंच्या संख्येत होत्या. त्या उन्हाळ्यात आठ हजारांहून अधिक माणसांना 'अविश्वासार्ह' ठरवून या पट्ट्यातून सक्तीने हलविण्यात आले. त्या काळातील पश्चिम जर्मन मार्गनकाशात सीमा दिसते, बंद रस्ते दिसतात. हा पट्टा आणि ही माणसे मात्र दिसत नाहीत. वाहनचालकाला उपयोगी नसलेले सत्य नकाशात शिरत नाही. ही मार्गनकाशाची मर्यादा, आणि तिचे भान ठेवूनच त्याला साधन म्हणून वापरले पाहिजे.

तुटलेले पूल आणि न लिहिलेला करार

पश्चिम जर्मनीत १९५० मध्ये सुमारे पाच लाख खाजगी मोटारी होत्या. १९६० मध्ये त्या सुमारे ४५ लाख झाल्या. या वाढीबरोबर नकाशांचा व्यवसाय वाढला. शेल, एसो, बी.पी., आराल या तेलकंपन्यांचे नकाशे पंपांवर मिळू लागले. श्टुटगार्ट येथे १९४८ मध्ये स्थापन झालेल्या मायर प्रकाशनाने शेलसाठी तयार केलेला मार्गनकाशांचा संग्रह तर अनेक कुटुंबांत ठेवणीतल्या पुस्तकासारखा झाला.

या नकाशांवर ठळकपणे उठून दिसतो तो ऑटोबान. फ्रँकफुर्ट ते डार्मश्टाट हा टप्पा मे १९३५ मध्ये खुला झाला आणि युद्धामुळे काम थांबेपर्यंत सुमारे ३,८०० किलोमीटर ऑटोबान पूर्ण झाला होता. त्यातील सुमारे २,१०० किलोमीटर पश्चिम जर्मनीच्या वाट्याला आला. नाझी राजवटीने या मार्गांचा प्रचारासाठी भरपूर उपयोग केला होता. युद्धानंतरचा नकाशा तोच ठळक रंग वापरतो. पण आता ती रेषा ठिकठिकाणी तुटते, आणि नकाशाकाराला ते तुटणे कबूल करावे लागते.

याचे उत्तम उदाहरण बर्लिन ते न्यूर्नबर्ग या ऑटोबानवरील साले नदीचा पूल. एप्रिल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने त्याचा काही भाग उडवून दिला. नदीच्या एका काठावर बव्हेरिया आणि दुसऱ्या काठावर सोव्हिएत विभाग असल्यामुळे तो दुरुस्त कोणी करावा हा प्रश्न जवळजवळ वीस वर्षे पडून राहिला. मोटारी ऑटोबान सोडून ट्योपेन-युखह्यो या गावांकडील जुन्या रस्त्याने सीमा ओलांडीत. या काळातील कोणत्याही विश्वसनीय मार्गनकाशात हे वळण असणे भाग होते. ऑगस्ट १९६४ मध्ये दोन्ही बाजूंत करार झाला, खर्च पश्चिम जर्मनीने उचलला आणि डिसेंबर १९६६ मध्ये पूल खुला झाला. पूर्व जर्मनी हे राज्यच नाही अशी अधिकृत भूमिका असताना त्याच राज्याशी पुलाबाबत करार करावा लागला. पुलाच्या कमानीला दोन्ही बाजूंनी आधार लागतो. तो राजकीय तत्त्वापेक्षा अधिक निकडीचा ठरला.

हेल्मश्टेटचे उदाहरण याहून महत्त्वाचे आहे. मार्गनकाशावर पश्चिमेकडून बर्लिनकडे जाणारी सर्वांत भरवशाची वाटणारी रेषा म्हणजे हेल्मश्टेट-मारियनबोर्न येथून जाणारा ऑटोबान. सीमेपासून बर्लिनपर्यंत सुमारे १७० किलोमीटर. या गावाजवळ एक क्रमांकाचा जुना मार्ग बंद पडला. शेजारचा ऑटोबान चालू राहिला. नकाशा पाहणाऱ्याला वाटेल, की इतक्या महत्त्वाच्या मार्गामागे तितकाच भक्कम करार असला पाहिजे. प्रत्यक्षात तसा नव्हता. २९ जून १९४५ रोजी अमेरिकेचे जनरल क्ले, ब्रिटनचे जनरल वीक्स आणि सोव्हिएत संघाचे मार्शल झुकोव्ह यांची बर्लिनमध्ये बैठक झाली. तीत पश्चिमी सैन्यांना एक रस्ता, एक लोहमार्ग आणि हवाई मार्ग वापरू देण्याचे तोंडी ठरले. हवाई मार्गांचा करार त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला लेखी झाला. रस्त्याचा झाला नाही.

या फरकाचे मोल जून १९४८ मध्ये कळले. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी प्रथम माग्डेबुर्गजवळील एल्ब नदीवरचा ऑटोबानचा पूल दुरुस्तीच्या कारणासाठी बंद केला आणि २४ जूनपासून पश्चिम बर्लिनकडे जाणारी जमिनीवरील सर्व वाहतूक थांबविली. १२ मे १९४९ पर्यंत शहराला अन्न आणि कोळसा विमानांनी पुरविण्यात आला. लेखी करार असलेला मार्ग खुला राहिला, तोंडी करार असलेला बंद झाला. कोंडी उठल्यावर तो रस्ता पुन्हा सुरू झाला. परंतु त्याला स्पष्ट लेखी आधार मिळण्यास १९७१ साल उजाडावे लागले. म्हणजे सुमारे पाव शतक नकाशावरील ती ठळक रेषा सोव्हिएत आणि पूर्व जर्मन सत्तेच्या सहनशीलतेवर उभी होती. नकाशाने रस्ता दाखविण्यात चूक केली नाही. रस्ता होता, त्यावरून मोटारी जात होत्या. तो कोणत्या अधिकाराने खुला आहे हे सांगण्याची खूण मात्र मार्गनकाशाच्या चिन्हांच्या यादीत नसते.

ओडरच्या पलीकडे

आतापर्यंत पाहिलेल्या भागात नकाशाकार चालकाला बांधलेला होता. ओडर आणि नायसे या नद्यांच्या पूर्वेस हे बंधन सुटते आणि नकाशाचा सूर बदलतो.

पोट्सडाम परिषदेने २ ऑगस्ट १९४५ रोजी हा प्रदेश अंतिम शांतता तहापर्यंत पोलंडच्या प्रशासनाखाली दिला. कोनिग्जबर्गसह पूर्व प्रशियाचा उत्तर भाग सोव्हिएत संघाकडे गेला. तेथील जर्मन लोकसंख्या काही पळून गेली होती, उरलेली बाहेर काढण्यात आली. १९५० पर्यंत पश्चिम जर्मनीत पूर्वेकडून आलेल्या सुमारे ८० लाख विस्थापितांची नोंद झाली; पूर्व जर्मनीत ही संख्या सुमारे ४० लाख होती. रिकाम्या झालेल्या गावांत पोलंडच्या निरनिराळ्या भागांतून, तसेच सोव्हिएत संघाने घेतलेल्या पूर्व पोलंडमधून आलेली माणसे वसली. ही माणसेही बहुधा स्वेच्छेने आलेली नव्हती. त्यांच्यासाठी शासनाने एक समिती नेमून गावांना पोलिश नावे दिली. ब्रेस्लाऊचे व्रोत्सवाफ झाले, श्टेटिनचे श्चेचिन झाले. यांतील अनेक नावांना मध्ययुगीन स्लाव्ह रूपांचा आधार होता. काही मात्र टेबलावर बसून घडविली गेली. कोनिग्जबर्गला ४ जुलै १९४६ रोजी नुकतेच निधन पावलेले सोव्हिएत नेते कालिनिन यांचे नाव देण्यात आले. त्या नावाचा त्या शहराशी पूर्वी कोणताही संबंध नव्हता.

पश्चिम जर्मन नकाशाने यातील काहीही मान्य केले नाही. १९३७ ची सीमा ठळक, ओडर-नायसे रेषा दुय्यम, आणि पलीकडच्या प्रदेशावर तो 'सध्या पोलिश प्रशासनाखाली' असल्याची टीप. गावांची नावे जर्मन. याला घटनेतील शब्दयोजनेचाही आधार होता, कारण पश्चिम जर्मनीच्या मूलभूत कायद्याच्या ११६ व्या कलमात नागरिकत्वाच्या संदर्भात १९३७ च्या सीमांचा उल्लेख आहे. पुढे शासनाने अधिकृत नावे आणि नकाशांवरील सीमांविषयी मार्गदर्शक तत्त्वेच काढली. १९६५ मधील तत्त्वे त्यांत विशेष प्रसिद्ध आहेत. पूर्व जर्मनीला या परिभाषेत 'सोव्हिएत विभाग' किंवा 'मध्य जर्मनी' म्हणत. शब्द साधा दिसतो. पण ज्याला 'मध्य' म्हटले त्याच्या पूर्वेस आणखी जर्मनी आहे हे तो न सांगता सांगतो. परदेशी नियतकालिकांतील भारताच्या नकाशावर मारलेला सरकारी शिक्का ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही चिंता अनोळखी वाटणार नाही.

हे सर्व केवळ राज्याच्या आग्रहातून झाले असे म्हणणे अपुरे होईल. नकाशा विकत घेणाऱ्यांत विस्थापित कुटुंबे होती. त्यांच्यासाठी आपल्या गावाचे जुने नाव छापलेले पाहणे हा राजकीय हक्क नव्हता, निदान प्रथम नव्हता. तो पत्ता होता. त्या पत्त्यावर जाता येत नव्हते, पत्र पाठविले तरी दुसऱ्या नावाने पाठवावे लागत होते. परंतु आपण जेथून आलो ते गाव आहे, एवढे तरी नकाशा सांगत होता. मतदार म्हणून हा वर्ग प्रभावी होता, म्हणून राजकीय पक्ष त्याच्या भावनेला धक्का देण्यास तयार नव्हते. प्रकाशकांचे गणितही वेगळे नव्हते. पश्चिम जर्मन मोटार लांड्सबर्गपर्यंत सहसा जात नव्हती. तेव्हा तेथील मार्गफलकावर 'गोझुव' लिहिले आहे की 'लांड्सबर्ग', याची तक्रार घेऊन कोणी परत येणार नव्हते.

आणि तरीही या आग्रहाची किंमत होती. व्रोत्सवाफमध्ये वसलेल्या, तेथेच मुले झालेल्या पोलिश माणसाच्या हाती असा नकाशा पडला तर त्याला तो कसा वाटला असेल? 'सध्या' हा शब्द त्याच्या घराविषयी होता. पूर्व जर्मनीने ६ जुलै १९५० रोजी गोर्लिट्स येथील कराराने ही सीमा मान्य केली. तिच्या नकाशांत व्रोत्सवाफ आले. ती मान्यता सोव्हिएत दबावाखालील होती हे खरे. पण या एका मुद्द्यावर स्वतंत्र मतदारांना उत्तरदायी असलेल्या राज्याचा नकाशा वास्तवापासून दूर होता आणि हुकूमशाही राज्याचा जवळ. या विसंगतीकडे पश्चिमी लेखनात पुरेसे लक्ष दिले गेले नाही असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कोरा भाग

पूर्व जर्मनीच्या नकाशांना यामुळे प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्र देण्याचे मात्र कारण नाही. तेथे नकाशांचे प्रकाशन राज्याच्या ताब्यात होते. ग्राहकाला दुसऱ्या प्रकाशकाकडे जाण्याची सोय नव्हती. बर्लिनच्या नगरनकाशात शहराचा पश्चिम भाग रस्त्यांविना कोरा ठेवलेला दिसतो. पश्चिम सीमेकडे जाणारे रस्ते त्रोटक होतात. ज्या भागात सामान्य नागरिकाला जाण्याची परवानगी नाही त्या भागाचा तपशील त्याला कशाला हवा, हा त्यामागचा विचार.

१९६५ मध्ये राज्याच्या संरक्षण मंडळाने याहून पुढचे पाऊल उचलले. भूमापनाचे नकाशे दोन प्रकारांत निघू लागले. लष्कर, पोलीस आणि निवडक शासकीय कार्यालयांसाठी अचूक आवृत्ती. उद्योग, नियोजन आणि इतर नागरी उपयोगासाठी वेगळी आवृत्ती, जिच्यात तपशील गाळले होते आणि मोजमाप हेतुतः बिघडविले होते. एकीकरणानंतर दप्तरखाने उघडले तेव्हा या प्रकाराचा सविस्तर अभ्यास झाला. पळून जाऊ पाहणाऱ्या नागरिकाला आणि शत्रूच्या हेराला उपयोग होऊ नये, हा हेतू. पण शत्रूकडे तोवर उपग्रह होते. फसविला गेला तो मुख्यतः स्वतःचाच नागरिक आणि स्वतःचाच अभियंता.

कोऱ्या भागाखाली काही गोष्टी प्रत्यक्षातही नाहीशा होत होत्या. थुरिंजियातील बिल्मुटहाउजेन हे सीमेलगतचे खेडे टप्प्याटप्प्याने रिकामे करून १९७८ पर्यंत जमीनदोस्त करण्यात आले. चर्च त्याआधीच पाडले होते. अशी आणखीही खेडी होती. पश्चिमेकडील नकाशात 'सध्या'चे गाव नाव धरून राहिले आणि पूर्वेकडील नकाशातून खरोखरचे गाव निघून गेले.

चालक पोहोचल्यावर

वर मांडलेल्या सूत्राची कसोटी १९७० नंतरच्या बदलांत लागते. ७ डिसेंबर १९७० रोजी वॉर्सा येथील कराराने पश्चिम जर्मनीने ओडर-नायसे रेषेचा आदर करण्याचे मान्य केले. नावांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे १९७१ मध्ये रद्द झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चार राष्ट्रांचा बर्लिनविषयक करार आणि डिसेंबरमध्ये दोन्ही जर्मन राज्यांचा वाहतूक करार झाला. जून १९७२ पासून हा दुसरा करार अमलात आला. आता तपासणी मोटारीत बसल्या बसल्या होऊ लागली, पथकराची ठोक रक्कम पश्चिम जर्मन सरकार दरवर्षी भरू लागले, आणि ठरलेला मार्ग सोडावयाचा नाही ही अट पाळून लाखो मोटारी पूर्व जर्मनीतून बर्लिनला जाऊ लागल्या.

मार्गनकाशात याचे प्रतिबिंब पडणे अपरिहार्य होते. चालकाला आता पूर्व जर्मनीतील पेट्रोल पंप, विश्रामस्थळे आणि वेगमर्यादा यांची माहिती हवी होती. ज्या राज्याचे नाव छापण्यास वीस वर्षे संकोच केला होता, त्या राज्याच्या रस्त्यांचे बारकावे छापावे लागले. हँबुर्ग ते बर्लिन हा प्रवास १९८२ पर्यंत गावागावांतून जाणाऱ्या पाच क्रमांकाच्या जुन्या मार्गाने होई. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये पश्चिम जर्मनीच्या पैशाने बांधलेला ऑटोबान पूर्ण झाला. विभाजनाच्या ऐन काळात विभाजित प्रदेशांना जोडणारा हा नवा रस्ता होता.

ओडरच्या पलीकडेही असेच घडले. विस्थापित आणि त्यांची मुले आपली जुनी गावे पाहण्यासाठी वाढत्या संख्येने पोलंडमध्ये जाऊ लागली. मार्गफलकांवर पोलिश नावे होती. केवळ जर्मन नावे असलेला नकाशा घेऊन तेथे वाट सापडत नव्हती. हळूहळू दोन्ही नावे असलेले नकाशे निघू लागले. तत्त्वाच्या वादात जे वीस वर्षांत साधले नव्हते ते चौरस्त्यावर थांबलेल्या चालकाच्या गरजेने बऱ्याच अंशी साधले. 'बऱ्याच अंशी' एवढ्यासाठी की, करार आधी झाला नसता तर तो चालक त्या चौरस्त्यावर पोहोचलाच नसता. राजकीय निर्णयाचे श्रेय नकाशाला देता येणार नाही.

१४ नोव्हेंबर १९९० च्या करारानंतर सीमेचा प्रश्न कायमचा मिटला. आखेनहून निघालेला 'बुंडेसश्ट्रासे १' आता ओडरकाठी क्यूस्ट्रिन-कीट्स येथे संपतो. १९९२ मध्ये येथील सीमानाका रहदारीस खुला झाला आणि डिसेंबर २००७ मध्ये पोलंड शेंगेन व्यवस्थेत आल्यावर तपासणीही थांबली. पुलापलीकडील कोस्त्शिन म्हणजे जुने क्यूस्ट्रिन. तेथील तटबंदीच्या आतील शहर १९४५ मध्ये इतके उद्ध्वस्त झाले की ते पुन्हा उभारले गेले नाही. आज तेथे रस्त्यांच्या फरशा आणि घरांची जोती आहेत. तेथून पोलंडचा २२ क्रमांकाचा राष्ट्रीय मार्ग बव्हंशी जुन्याच वाटेने एल्ब्लाँगकडे जातो.

शेवटचा टप्पा मात्र वेगळा राहिला. कालिनिनग्रादचा प्रदेश १९९१ पर्यंत परदेशी प्रवाशांना बंद होता, म्हणून सर्वांत दीर्घ काळ कोणत्याही पश्चिमी चालकाने न तपासलेला रस्ता तोच. एल्बिंग ते कोनिग्जबर्ग या जुन्या अर्धवट ऑटोबानचा पोलंडमधील भाग २००८ मध्ये नव्याने बांधून सीमेपर्यंत खुला करण्यात आला. मे २०२३ मध्ये पोलंडच्या भौगोलिक नावांच्या आयोगाने या शहरासाठी 'कालिनिनग्राद' ऐवजी 'क्रुलेव्येत्स' हे जुने पोलिश नाव वापरण्याची शिफारस केली. त्याचा अर्थ 'कोनिग्जबर्ग' या नावाप्रमाणेच राजाशी जोडलेला आहे. रशियाने त्यास तीव्र आक्षेप घेतला.